काळ्या जमिनीतले सिलिकॉन खरेच संपले आहे काय?

मराठवाड्यातील ऊस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. पन्नास वर्षांच्या रासायनिक खतांनी जमिनीतले सिलिकॉन संपवले, म्हणून उतारा घटला. खडी क्रशरवरची पूड किंवा दळलेली वाळू गूळ-गोमूत्रात सात दिवस भिजवली की घरच्या घरी सिलिकॉन खत तयार होते. ते न जमल्यास पोलादभट्टीचा स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना वेगळा होणारा मळ, आणून टाकावा. मग युरिया-डीएपीची गरज उरत नाही आणि बोंडअळीही फिरकत नाही. जपानने हे केव्हाच ओळखले, आपल्यापासून मात्र लपवले गेले, असा त्याचा आशय आहे. मजकूर निव्वळ खोटा असता तर सोडून देता आला असता. पण त्यात बऱ्याच खऱ्या गोष्टी चुकीच्या जागी जोडलेल्या आहेत, म्हणून तो मुद्द्यामुद्द्याने तपासावा लागतो.

सिलिकॉन संपले, हा पहिला आणि सर्वांत वजनदार दावा. भूकवचाच्या वजनात सिलिकॉन सुमारे २८ टक्के आहे, त्यामुळे ते शब्दशः संपणे शक्य नाही. मात्र पीक ते फक्त पाण्यात विरघळलेल्या मोनोसिलिसिक आम्लाच्या रूपातच उचलते आणि हे रूप कमी पडू शकते, एवढे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न ते कुठे कमी पडते हा आहे. याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळते. कोकणातला जांभा आणि मराठवाड्यातली काळी माती या दोन्ही एकाच बेसाल्टाच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या, लेकी आहेत. कोकणात २,५०० मिलिमीटरहून अधिक पावसाने लाखो वर्षे त्या दगडातली सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग) धुऊन नेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली. आपल्याकडे ७०० ते ८०० मिलिमीटर पावसात ती जागेवरच राहिली आणि तिच्यातूनच भेगाळणारी, ओली झाली की फुगणारी स्मेक्टाइट चिकणमाती घडली. ज्या मातीचा देहच सिलिकेटचा आहे, तिच्यातले सिलिकॉन पन्नास वर्षांत युरियाने संपवले, हे म्हणणे मातीच्या जन्मकथेशीच विसंगत आहे.

शिवाय या हिशेबात पाणी धरलेलेच नाही. बेसाल्टातून झिरपलेल्या विहीर-बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असतेच. ती लिटरमागे ३० मिलिग्रॅम धरली आणि पाटाने भिजणाऱ्या उसाला हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी दिले, तर त्या पाण्यासोबत ६०० किलो सिलिका, म्हणजे सुमारे २८० किलो सिलिकॉन, फुकट शेतात येते. उसाचे चांगले पीक वर्षाकाठी साधारण ३०० किलो किंवा त्याहून अधिक सिलिकॉन उचलते, हे लक्षात घेतले तर हा आकडा लहान नाही. (उसाला एवढे पाणी द्यावे काय, हा वेगळा वाद आहे, त्यात इथे शिरत नाही.)

तरीही या दाव्यात एक खरा धागा आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. ज्वारीच्या पात्यांची चरचर आणि उसाच्या पानांची कापणारी धार ही पेशींत साठलेल्या सिलिकेचीच आहे. कडबा, पाचट आणि भुसकट शेताबाहेर जाते तेव्हा हे तुलनेने लवकर विरघळणारे सिलिकॉनही जाते. पूर्वी कडबा खाल्लेल्या जनावरांच्या शेणातून ते जवळजवळ सगळे परत येत असे, कारण जनावर सिलिका पचवत नाही. दावणीची जनावरे कमी झाली, कडबा विकला जाऊ लागला आणि हा फेरा तुटला. मुरमाड, हलक्या माळरानावर किंवा वर्षानुवर्षे खोडवा (तोडलेल्या उसाच्या खुंटांतून फुटणारे पुढचे पीक) घेऊन पाचट काढून टाकलेल्या शेतात उपलब्ध सिलिकॉन खालावले असणे संभवते. पण त्याचा दोष युरियाच्या गोणीवर टाकण्यापेक्षा रिकाम्या गोठ्यावर टाकणे अधिक न्याय्य ठरेल.

आता घरगुती कृतीकडे वळू. वाळूतली गारगोटी म्हणजे क्वार्ट्ज, आणि सामान्य तापमानाला लिटरभर पाण्यात क्वार्ट्ज जेमतेम ६ ते ११ मिलिग्रॅम विरघळते, तेही अतिशय संथपणे. सिलिकेची विद्राव्यता लक्षणीय वाढते ती सामू (पीएच) ९ च्या वर गेल्यावर. गूळ घालून आंबवलेले द्रावण तर आम्लाकडे झुकते. क्रशरच्या पुडीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्यातली काही खनिजे आम्लात हळूहळू झिजतात, पण सात दिवसांत त्यांच्यातून पिकाच्या गरजेच्या मानाने काहीच सुटत नाही. जगात जिथे बेसाल्टाची पूड शेतात वापरून पाहिली जाते तिथे मात्रा हेक्टरी कित्येक टनांची असते, निकालाची वाट वर्षानुवर्षे पाहिली जाते आणि जमिनी बहुधा आम्लधर्मी असतात. आपली जमीन ज्या दगडापासून झाली त्याच दगडाची दोन घमेली पूड तिच्यावर टाकून तिची भूक भागेल, ही अपेक्षा भाबडी आहे. वाळू दळण्याचा सल्ला तर घातकही आहे: स्फटिकी सिलिकेची बारीक धूळ श्वासातून गेल्याने सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसाचा आजार होतो.

खनिजापासून सिलिकॉन खत खरोखर बनवले जाते, पण ते उष्णतेने किंवा योग्य खनिज निवडून. वाळू आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र वितळवून काचेसारखा पदार्थ मिळवतात आणि तो दाबाखाली पाण्यात विरघळवला की पोटॅशियम सिलिकेट तयार होते. त्यासाठी १,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. राजस्थानात सापडणारे वोलास्टोनाइट हे मुळातच कॅल्शियम सिलिकेट असल्याने ते बारीक दळले तरी पुरते. लोखंडाच्या झोतभट्टीत चुनखडी घातलेली असल्यामुळे तिच्या स्लॅगमध्येही कॅल्शियम सिलिकेट असते. जालन्याच्या परिसरात भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांचा स्लॅग मात्र या जातीचा नव्हे. त्यात चुना कमी, लोह-मँगनीजची ऑक्साइडे जास्त, आणि भंगारात काय होते त्यावर क्रोमियमसारखे जड धातू किती हे ठरते. ‘स्लॅग’ हे नाव सारखे आहे म्हणून माल सारखा होत नाही.

चांगला कॅल्शियम सिलिकेट स्लॅग मिळाला तरी आपल्याकडे अडचण उरतेच. तो चुन्यासारखा वागतो, जमिनीचा सामू वाढवतो. आम्लधर्मी जमिनीत हा दुहेरी फायदा आहे. हवाईतील धुऊन गेलेल्या जमिनींत उसाला सिलिकॉनचा जो प्रतिसाद मिळाला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे; फ्लोरिडातील दलदलीच्या मातीत तो मिळाला तो तिथे मुळात सिलिकॉनच कमी असल्यामुळे. आपली जमीन आधीच चुनखडीयुक्त, सामू ८ च्या आसपास. तिथे सामू आणखी चढला तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होतात, आणि उसावर केवडा पडण्याचे, म्हणजे पाने पिवळी-पांढरी होण्याचे, प्रमाण वाढू शकते. जपानने १९५५ मध्ये सिलिकेट खताला मान्यता दिली हे खरे आहे. ती भातखाचरांसाठी होती, आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते.

कीड-रोगांबाबतचा दावा पिकावर अवलंबून आहे. भाताचा करपा, वेलवर्गीय पिकांची भुरी, उसातील खोडकिडा यांच्याविरुद्ध सिलिकॉनचा उपयोग अनेक प्रयोगांत दिसला आहे. कापूस आणि तूर मात्र सिलिकॉन फारच कमी उचलतात, आणि गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत बसून खाते. तिला पानांतली सिलिका आडवी येत नाही. मुख्य अन्नद्रव्यांना पर्याय म्हणून तर सिलिकॉन कुठेच चालत नाही. सुरू उसाला शिफारशीप्रमाणे हेक्टरी २५० किलो नत्र लागते, आणि सिलिकॉनच्या कोणत्याही खतात नत्राचा कणही नसतो.

बाटलीबंद द्रावणांचाही हिशेब मांडून पाहावा. २ टक्के ऑर्थोसिलिसिक आम्ल (मोनोसिलिसिक आम्लाचेच दुसरे नाव) असलेले २५० मिलिलिटर औषध एकरी फवारले तर शेतात ते आम्ल गेले सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे सिलिकॉन जेमतेम दीड ग्रॅम. पानावर त्याचा काही परिणाम होत असेलही, पण ‘जमिनीची झीज भरून काढणारे’ असे त्याच्या लेबलावर छापलेले असेल तर ती अतिशयोक्ती समजावी. गोणीवर ‘सिलिका ६० टक्के’ असे लिहिलेले असले तरी वाळूतही सिलिका असतेच. विचारायचे ते विद्राव्य सिलिकॉन किती आहे.

मराठवाड्याच्या जमिनीत कमतरता आढळते ती प्रामुख्याने सेंद्रिय कर्ब, नत्र, जस्त, लोह आणि गंधक यांची. म्हणून पहिला खर्च माती परीक्षणावर आणि पाचट कुजवण्यावर करावा. त्यानंतरही सिलिकॉन वापरून पाहायचे असेल तर सगळ्या शेतावर न टाकता एकाच जातीच्या, एकाच दिवशी लावलेल्या उसात दहा सऱ्यांना द्यावे, शेजारच्या दहा सऱ्या तशाच ठेवाव्यात, बाकी खत-पाणी दोन्हींकडे सारखे द्यावे आणि तोडणीच्या वेळी दोन्हींकडच्या मोळ्या वेगवेगळ्या वजन कराव्यात.