आमच्या घरात टाकाऊ काही नाही

मुलीच्या बालवाडीतून निरोप आला की, शनिवारी प्रत्येक पालकाने ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा गणिताचा एक खेळ करून आणावा आणि त्यासाठी बाजारातून काहीही विकत आणू नये. दुसरी अट वाचून मला हायसे वाटले. काही विकत घ्यायचे नाही म्हणजे काही खर्च नाही, असा माझा भाबडा हिशेब होता.

खेळामागचा विचार बाईंनी पालकसभेत समजावून सांगितला होता. चार-पाच वर्षांचे मूल एक ते दहा घडाघडा म्हणते, परंतु वस्तूंवर बोट ठेवून मोजायला लावले की तोंड पुढे जाते आणि बोट मागे राहते. म्हणून एका खणात एकच वस्तू ठेवायची आणि ठेवताना एकच अंक म्हणायचा. खण पाच-पाचच्या दोन ओळींत असले, तर सात म्हणजे पाच आणि दोन, हे मुलाला हळूहळू न मोजताही दिसू लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्यात शिंपले, खडे, बिया अशा परिसरातल्या वस्तूच साधने झाल्या, हेही त्यांनी सांगितले. बोर्डीला समुद्र आहे. आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराचा तलाव आहे, आणि त्याच्या काठावर वाकून शिंपले शोधणाऱ्या गृहस्थाला ओळखीची माणसेही ओळख देणार नाहीत.

तेव्हा बियांकडे वळलो. आईजवळ डबाभर चिंचोके होते. परंतु घोंगडीला खळ द्यायला ते लागतात, असे बजावून तिने झाकण घट्ट लावले. आमच्या घरातली शेवटची घोंगडी मी तिसरीत असताना विरली. शेंगाचटणीच्या बरणीचे झाकण मागितले, तेव्हा पत्नीने मला एक मूलभूत भेद शिकवला.

“ती बरणी रिकामी नाही, ठेवलेली आहे.”

या न्यायाने आमचे घर तपासले असता, चादरीबरोबर आलेली प्लॅस्टिकची पिशवी, तुटक्या छत्रीच्या काड्या आणि मिठाईचे अकरा खोके, हे सर्व ‘ठेवलेले’ निघाले. खरोखर टाकाऊ म्हणावे असे घरात मीच काय तो होतो, आणि हे मत माझे एकट्याचे नसावे, अशी मला शंका आहे.

खणांसाठी अंड्यांचा कागदी ट्रे उत्तम, असे एका पालकाने सुचवले. आमचे घर शाकाहारी. सात रस्त्याजवळच्या एका गाडीवाल्याने ट्रे द्यायचे कबूल केले, परंतु गिऱ्हाईक नसलेल्या माणसाला फुकट काही देणे त्याच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यामुळे, निव्वळ शिक्षणासाठी, मला एक डबल ऑम्लेट खावे लागले. तीस खणांच्या त्या ट्रेमधून दहा खण कापले, पिवळे रंगवले आणि मार्चच्या उन्हात गच्चीवर वाळत घातले.

“हे कशाचं रे?” आईने विचारले.

“कागदाच्या लगद्याचं,” मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरे होते.

मोजण्यासाठी शेवटी गुंड्या मिळाल्या. आईने बिस्किटांच्या जुन्या डब्यातून दहा मोठ्या गुंड्या मोजून दिल्या, त्याही परत देण्याच्या बोलीवर. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती तोंडात मावेल असे काही द्यायचे नसते, म्हणून धाकट्याला दूर ठेवून आम्ही बापलेकींनी दोन संध्याकाळी सराव केला. तिसऱ्या संध्याकाळी तिचे बोट आणि तोंड एकत्र चालू लागले, तेव्हा मला डबल ऑम्लेटचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

शनिवारी बाईंनी तिला सर्वांसमोर मोजायला सांगितले. ती एकेक गुंडी खणात ठेवत सातपर्यंत आली आणि थांबली. पिशवी रिकामी होती. मला दरदरून घाम फुटला. तिने मात्र शांतपणे मागे वळून माझ्यासमोर येऊन, आजीने आदल्या रात्री माझ्या शर्टाला लावलेल्या तीन वेगवेगळ्या रंगांच्या गुंड्यांवर क्रमाने बोट ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हटले, “आठ, नऊ, दहा.”