डब्याच्या मते रात्र झाली होती

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या दापोलीला झोडपून गेलं तेव्हा मी मुंबईत टाळेबंदीत अडकलेला होतो. विजेचे खांब आडवे झाले, आणि आमच्या वाडीत लाइट परत यायला महिन्यावर दिवस गेले. तेव्हाच मी ठरवलं की घरावर सोलर बसवायचं. ठरवलं २०२० मध्ये, बसवलं २०२३ च्या मे महिन्यात. चाकरमान्याचे निश्चय हे असे, मेच्या सुट्टीत उगवतात आणि पहिल्या पावसाबरोबर एसटीत बसून परत जातात.

सामान आणलं ते असं: १०० वॉटचं एक पॅनेल, १०० एएचची ट्युब्युलर बॅटरी, १२ व्होल्टचे तीन दिवे, एक छोटा पंखा. आणि "हे तर लागतंच" म्हणत दुकानदाराने सगळ्यात शेवटी पिशवीत टाकलेला, साबणदाणीएवढा एक निळा डबा. चार्ज कंट्रोलर. पॅनेल डोळ्यांत भरतं, बॅटरी उचलताना कमरेला कळते, या डब्याकडे मात्र कोणी बघितलंसुद्धा नाही. माझ्या सुट्टीचं मातेरं त्याने केलं.

त्याचं काम तसं साधं आहे. १२ व्होल्टचं पॅनेल हे नावालाच १२ व्होल्टचं. भर उन्हात त्याची मोकळी टोकं मोजली तर एकवीसच्या आसपास भरतात. बॅटरीला लागतात चौदा-साडेचौदा. दोघांना थेट जोडून दिलं तर भरलेल्या बॅटरीतलं पाणी उकळी फुटल्यासारखं बुडबुडत बसतं. दूध तापत असताना कोणीतरी शेगडीपाशी उभं राहावं लागतं, तसा हा डबा मध्ये उभा राहतो. रात्री उलट दिशेने पहारा, म्हणजे बॅटरी फार उतरली की दिवे तोडायचे. एवढंच. पण दूध कधी उतू जाणार आणि भांडं कधी रिकामं झालं म्हणायचं, हे आधी आपण त्याला आकड्यांत सांगायचं असतं, आणि सांगायला बटणं तीन.

पहिला प्रश्न आला की आधी काय जोडायचं. डब्याला सहा भोकं, दोन-दोनच्या तीन जोड्या, वर चित्रं: पॅनेल, बॅटरी, दिवा. मी म्हटलं, सौरऊर्जा आहे, अर्घ्य आधी सूर्याला. पॅनेल जोडलं. डब्याला एकवीस व्होल्ट दिसले, बॅटरी कुठे दिसेना, तेव्हा त्याने स्वतःच्या अकलेने ठरवलं की हे घर २४ व्होल्टचं आहे. त्यानंतर मी जोडलेली कोरी करकरीत बॅटरी त्याच्या लेखी मरायला टेकलेली ठरली. दिवे देईना. पडद्यावर २७.४ असा आकडा, जो सबंध घरात कुठेच नव्हता.

माहितीपत्रकात चौथ्या पानावर लिहिलं होतं की आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे, आणि काढताना उलट क्रमाने. पण चौथं पान मी दुसऱ्या दिवशी वाचलं. ते पत्रक इंग्रजीत होतं, पण ते इंग्रजी कुठल्यातरी तिसऱ्याच भाषेतून पायी चालत आलेलं. एका वाक्याचा अर्थ "बॅटरीला उलटे होण्याची विनंती नाही" असा निघत होता.

"कुठल्याही कार्यात पहिला मान गणपतीचा," आई म्हणाली. "तुमच्या या कार्यातला गणपती कोण ते आधी बघायचं नाही होय?"

गणपती बॅटरी होती.

तोवर शेजारचे तात्या येऊन ओटीवर बसले होते. तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. वाडीत कोणाचीही लाइट गेली की तात्या टेस्टर लावून निकाल देतात. त्यांनी तो बॅटरीच्या प्लसला लावला. "करंट नाही." मायनसला लावला. "इकडेपण नाही." मग न्हाणीघराच्या स्लॅबवर चढून पॅनेलच्या वायरला लावला आणि डोळ्यांवर हात धरून वर बघत म्हणाले, "मुळातच नाही."

टेस्टरमधला तो बारका निऑनचा दिवा १२ व्होल्टवर पेटतच नाही, त्याला निदान पाच-सहापट व्होल्ट लागतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते ज्या नजरेने माझ्याकडे बघत होते तिचा अर्थ सरळ होता: मुंबईला राहून पोरगं बिघडलं. "मग या बॅटरीत काही दमच नाही म्हण ना," असं म्हणत त्यांनी नट आवळायला पाना घेतला, आणि तो दोन्ही टर्मिनलांवर आडवा टेकला. खाडकन आवाज, निळी ठिणगी. पान्याचा एक कोपरा वितळून गेला. १२ व्होल्टाला हात लावला तर माणसाला मुंगीही चावत नाही, पण लोखंड आडवं पडलं की हीच बॅटरी शेकडो अँपिअर ओकते. तात्यांनी पाना खाली ठेवला, टेस्टर खिशात घातला आणि म्हणाले, "आहे. करंट आहे."

दुसऱ्या दिवशी सगळं सोडवून पुन्हा क्रमाने जोडलं. डब्याने शहाण्यासारखे १२.६ दाखवले, दिवे लागले, आईने हळदकुंकू वाहिलं. इथे थांबायला हवं होतं. कारखान्यातून डबा बऱ्यापैकी आकडे घालूनच येतो. पण पत्रकात "सेटिंग" या नावाचं एक आख्खं प्रकरण होतं, आणि माझे सुट्टीचे आठ दिवस उरले होते.

मेनूचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की आकडा लुकलुकायला लागतो. लुकलुकत असताना वर-खाली करायचं, पुन्हा पाच सेकंद दाबायचं. मध्ये विचार करत बसलात तर डबा कंटाळतो आणि सगळं विसरतो. शिवाय खाली जाण्याचं बटण हेच दिवे चालू-बंद करण्याचं बटण. त्यामुळे १०.७ चे १०.६ करायला जावं तर माजघरात अंधार. आतून आई, "अरे, मी तांदूळ निवडत्ये!"

आकडेही एकेक चीज. आधी बॅटरीची जात विचारतो: बंद, जेलवाली की पाण्याची. मग फ्लोट, म्हणजे भरून झाल्यावर नुसतं निखाऱ्यावर ठेवायचं ते: १३.७. मग कुठवर उतरली की दिवे तोडायचे, १०.७. आणि तोडलेले दिवे पुन्हा कधी द्यायचे, १२.६. यातला १०.७ मला खटकला. पाण्याच्या बॅटरीला आराम देऊन मोजलं तर पूर्ण भरलेली १२.७ दाखवते आणि १२.२ ला ती अर्धी झालेली असते. दिवे चालू असताना आकडा थोडा खाली दिसतो हे धरलं, तरी १०.७ म्हणजे तळ खरवडणं. रोज असा तळ खरवडला तर बॅटरीचं आयुष्य दोन पावसाळ्यांवर येतं. म्हणून मी ते ११.८ केले. इथपर्यंत बरोबर होतं, आजही मी त्यावर ठाम आहे. पण मग मला वाटलं, ११.८ ला तोडायचं तर परत द्यायला १२.६ ची वाट कशाला? आईला उगाच अंधारात बसवायचं? परत द्यायचा आकडा केला ११.९.

शेवटचा प्रश्न, दिवे कधी लावायचे. २४ म्हणजे सदासर्वदा. १ ते २३ म्हणजे अंधार पडल्यापासून तितके तास. आणि शून्य म्हणजे रात्रभर. शून्य म्हणजे रात्रभर हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल त्याला एकदा भेटायचं आहे मला. मी आईला विचारलं, किती तास हवेत?

"तिन्हीसांजेला लावायचा, निजताना मालवायचा. त्यात मोजायचं काय?"

सहा ठेवले. अंधार पडल्याचं डब्याला कसं कळतं तेही मोठ्या कौतुकाने समजावलं: त्याला डोळे नाहीत, पॅनेलकडून येणारे व्होल्ट पार खाली गेले की तो समजतो रात्र झाली. आई हं हं म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेबाराला ओटीवरचा, माजघरातला आणि खळ्यातला असे तिन्ही दिवे लागले.

बाहेर कोकणातलं मे महिन्याचं ऊन, अंगणातली कुत्री सावलीला जीभ काढून पडलेली, आणि खळ्यात दिवा. मी मेनूत शिरलो. सहाचे पाच केले, पाचाचे सात. चार वाजता दिवे आपोआप गेले आणि सात वाजता पुन्हा लागले. मला वाटलं जमलं. चौथ्या दिवशी पुन्हा पावणेबारा. पाचव्या दिवशी पुन्हा. मी घामाघूम होऊन माजघरात भिंतीला चिकटून उभा, एका हातात पत्रक, एका हाताचा अंगठा बटणावर. तात्यांच्या मते यंत्राला अमेरिकेची वेळ लागलेली होती. बॅटरीचा आकडा रोज उतरत होता, म्हणजे भरणं बंद, खर्च दोन पाळ्यांत.

आणि पाचव्या रात्री तो ११.८ ला टेकला. डब्याने माझ्या आज्ञेप्रमाणे दिवे तोडले. ओझं उतरल्याबरोबर दमलेल्या बॅटरीने जरा श्वास घेतला, व्होल्ट चढून ११.९ झाले. डब्याने माझ्याच आज्ञेप्रमाणे दिवे लावले. ओझं पडलं, पुन्हा ११.८. त्यात वायर मी घरात उरलेली बारीक वापरलेली, तिच्यातच थोडे व्होल्ट सांडत होते. तोडणं आणि जोडणं यांच्यात कारखान्याने जवळपास दोन व्होल्टांची दरी का ठेवली होती, ते मला रात्री अकरा वाजता, लाग-वीझ लाग-वीझ करणाऱ्या ओटीवर उभं राहून कळलं. पंखा तर दोन पाती फिरायचा आणि विचारात पडायचा. पलीकडच्या वाडीतून फोन आला, "तुमच्याकडे काही झालंय का? खुणा करताय तुम्ही?"

मी वायर उपटली. अंधारात बसलो. आईने देवापाशी समई लावली होती तेवढाच उजेड. मी म्हटलं, डबा सदोष आहे, उद्या परत देतो. दुपारी बाराला त्याला रात्र वाटते म्हणजे काय!

"पावणेबाराला ना?" आई म्हणाली.

"हो."

"मी गोधड्या घालते तेव्हा."

पावसाच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण उन्हात पडतं. न्हाणीघराचा स्लॅब ही माडांची आणि फणसाची सावली न पडणारी घरातली एकमेव जागा, म्हणून मी पॅनेल तिथे बसवलं होतं. त्याच कारणासाठी आई गेली वीस वर्षं वाळवण तिथे घालत होती. आता तिथे दक्षिणेकडे उतार दिलेली, काळी, छान तापणारी काच आयती मिळाली. तिने आजोबांची घोंगडी तिच्यावर पसरली आणि वर दोन गोधड्या. स्वयंपाक आटपला की पावणेबाराला घालायच्या, चहाआधी काढायच्या.

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"तू त्या डब्याला विचारत होतास. मला कुठे विचारलंस?"

परत द्यायचा आकडा मी पुन्हा १२.६ केला, जाड वायर टाकली आणि सुट्टी संपली म्हणून मुंबईला आलो. पावसाळ्यात आईचे फोन यायला लागले ते तापाच्या पेशंटसारखे. "आज बारा पॉइंट तीन आहे. काल ऊन नव्हतं ना. मी पंखा बंद केलाय, पडू दे त्याला." कधी उत्साहात, "आज चौदाला जाऊन आला!" तात्यांचा ताप विचारावा तसं वाडीतले लोक आता आमच्या बॅटरीचं विचारतात म्हणे.

यंदा एप्रिलच्या शेवटी फोन आला. मला वाटलं आंब्याच्या पेट्यांबद्दल असेल.

"ऐक, ते सहा तासांचं शून्य करायचं की चोवीस? नाही म्हणजे, ते बंदच कसं करायचं ते सांग आधी. उद्यापासून गोधड्या घालायच्यात."