शाळेत हा विषय काढायचाच नाही?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. शाळांनी आत्महत्या प्रतिबंधाचे कार्यक्रम घेऊ नयेत, विषय काढला की नसता विचार मुलांच्या डोक्यात शिरतो. फार तर शिक्षकांना प्रशिक्षण द्या. आणि आपल्या गोव्यात हा प्रश्न आहेच कुठे? काही मुख्याध्यापकही माना डोलावतायत, म्हणून हे लिहितोय.

गोव्याचं आधी. इथल्या 16 ते 24 वयाच्या 3,662 तरुणांची पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. मागच्या तीन महिन्यांत आत्मघाती वर्तन घडल्याचं 144 जणांनी सांगितलं, म्हणजे शंभरात जवळजवळ चार. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार यांच्याशी त्याचा संबंध दिसला. सगळं खापर दहावीच्या निकालावर फोडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

विचारल्यानं विचार रुजतो का? न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांत 2,342 मुलांवर हे तपासलं गेलं. निम्म्यांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्यांचा ताण वाढला नव्हता, तसे विचारही नाहीत.

आता 'शिक्षकांना शिकवा, पुरे' हा मुद्दा. शाळाप्रमुखांना तो आवडणारच. वेळापत्रक हलत नाही, पालक भांडायला येत नाहीत. अमेरिकेतल्या शाळा अधीक्षकांनीही, कुणाला धोका आहे हे शोधायला सगळ्याच मुलांची सरसकट चाचणी घेण्यापेक्षा शिक्षक-प्रशिक्षणालाच पसंती दिली होती. पण युरोपातल्या 10 देशांत, 168 शाळांत केलेल्या अभ्यासात (2015) नुसत्या शिक्षक-प्रशिक्षणाचा ठोस परिणाम दिसला नाही. मुलांनीच वर्गात नाटुकल्या करून, प्रसंगांवर बोलून घेतलेल्या तासांचा दिसला. वर्षभरानंतर त्या शाळांत 0.70 टक्के मुलांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, तुलनेच्या शाळांत 1.51 टक्के. शिक्षक नकोत असं नाही, पण मित्राचं बिनसलंय हे आधी बाकावरच्या मित्रालाच कळतं!

'समुपदेशक आहेत ना' हेही ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक समुपदेशक बंधनकारक केला, चांगलंच झालं. पण त्यांचं टेबल ग्रंथालयाच्या कपाटाआड असेल आणि कोण आत गेलं हे मधल्या सुट्टीत अख्ख्या शाळेला दिसत असेल, तर तिथे जाईल कोण? 14416 हा 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक तरी प्रत्येक वर्गात लावा.

पालक ओरडतील या भीतीवर उपाय सोपा आहे. मुलांचा तो नाटुकल्यांचा तास आधी पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बैठकीत पालकांसमोर घेऊन दाखवा.