पाचशे रुपयांत लिमिट काढून मिळेल

आज सकाळी गोडोलीकडं जाताना एक बोर्ड बघितला आणि डोकं असं तडकलं, की पतसंस्थेत पोचल्यावर पहिल्याच खातेदाराची एन्ट्री मी दुसऱ्याच्या पासबुकात मारली. बोर्ड असा: 'सर्व कंपन्यांच्या ई-बाईकचे लिमिट काढून मिळेल. १० मिनिटांत. फक्त ५०० रु.' लिमिट म्हणजे ताशी २५ किलोमीटरवर गाडी अडवणारी वेगमर्यादा. आणि बोर्डाला लिंबू-मिरची बांधलेली. म्हणजे काय होऊ शकतं ते त्यालाही माहीत आहे.

बोर्डाखाली एक गाडी सीट उघडून उभी. बाजूला शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलगी, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. आणि तिची आई पर्समधून पाचशेची नोट काढत होती. चार घडी घातलेली नोट. घरखर्चातून बाजूला काढलेली नोट तशीच असते, तुम्हा सगळ्या बायकांना माहीत आहे.

मी गाडी थांबवली. म्हटलं, "ताई, नका करू." ती माझ्याकडं बघतच राहिली. तो पोरगा स्क्रूड्रायव्हर हातात धरून म्हणाला, "काकू, गाडी तुमची हाय का?"

नाही. माझी नव्हती. म्हणून मी गप निघून आले. आणि त्याचाच राग आता रात्री साडेदहाला इथं निघतोय. ह्यांचं म्हणणं आहे पोस्ट टाकू नकोस. टाकणार.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही समर्थ मंदिराच्या बाजूला राहतो. साताऱ्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमचं गाव पश्चिमेकडून पूर्वेला उतरत जातं. समर्थ मंदिर वर, राजवाडा त्याच्या खाली, पोवई नाका अजून खाली. सकाळी जाताना सगळा उतार आणि येताना सगळा चढ. मुलगा अकरावीत गेला, सकाळी साडेसहाचा क्लास पोवई नाक्यावर. पेट्रोलची गाडी द्यायची नाही, वय सोळा, लायसन नाही, एवढी अक्कल आम्हाला होती. म्हणून बॅटरीची घेतली. नंबर प्लेट नाही, पासिंग नाही, लायसन नाही, विमा नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, सायकलच समजा." समजलो.

पंधरा दिवसांत चिरंजीवांची कुरकुर सुरू. चढाला ओढत नाही, मित्र मागं बसला की उतरून ढकलावी लागते, पोरं हसतात. महिनाभर ऐकलं. मग एक दिवस भिशीचे पैसे आले होते, त्यातले काढले आणि लिमिट काढायला गाडी एका गॅरेजमध्ये घेऊन गेले.

हो, मीच गेले. पोरगा नाही गेला चोरून. आजच्या त्या बाईच्या हातातली नोट मला का टोचली ते कळलं असेल.

चहा होईपर्यंत काम झालं. सीटखालच्या कंट्रोलरमधून येणारी एक पांढरी वायर कापली, टोकाला काळी टेप. बास. २५ वर अडणारा काटा ४५ च्या पुढं गेला. मी म्हटलं, आता चढ चढेल ना? गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "पळंल की!" मी विचारलं काय आणि त्यानं सांगितलं काय! पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात येतंय.

गंमत पुढं आहे. चढाला गाडी तशीच कण्हत होती. कारण चढ चढायला मोटारीत जोर लागतो, आणि मोटार होती तेवढीच होती, २५० वॅटच्या आतली. वायर कापून जोर वाढत नाही, फक्त सपाटीला आणि उताराला सुटलेली गाडी अडवणारं कुणी राहत नाही. मी पैसे दिले चढासाठी आणि विकत घेतला उतार.

मग श्रावणातली ती सकाळ. राजपथ रिकामा, रात्रीच्या भुरभुरीनं ओला. पोरगा राजवाड्याकडून खाली येत होता, कमानी हौदाच्या अलीकडं. दूधवाले तात्या सायकल कडेला लावून, हातात किटली घेऊन रस्ता ओलांडत होते. त्यांनी गाडी येताना बघितली होती बरं का. बघून, अंदाज घेऊन मगच पाऊल टाकलं.

मला फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तशाच हातानं गेले. किटली उताराला लांबवर गडगडत गेली होती आणि ओल्या डांबरावरून दुधाची एक धार खाली खाली चाललेली. तात्या पायरीवर बसलेले, उजवं मनगट डाव्या हातात धरून. मनगटाचा आकार बघवत नव्हता. पोराच्या कोपराची सालटी गेलेली. हेल्मेट अर्थातच नाही, 'सायकलच' ना ती.

आणि तात्या मला काय म्हणाले माहितीये? "वहिनी, पोराला बोलू नका. मला वाटलं सायकलगत येतंय."

हे वाक्य दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. आवाज नाही, नंबर नाही, बारीक चाकं. रस्त्यावरचा माणूस अशा गाडीकडं बघून मनात एक हिशोब करतो की ही एवढ्याच वेगानं येणार. सत्तरीचा माणूस तर आयुष्यभराच्या सवयीनं करतो. मी ती पांढरी वायर कापली तेव्हा त्या माणसाचा हिशोब खोटा पाडला, त्याला न विचारता, न सांगता. लिमिट पोराच्या गाडीला होतं, पण ते होतं तात्यांसाठी.

आता मला शहाणपण शिकवणाऱ्यांचं आधीच सांगते. रस्ता ओला होता, आमच्या घरातलेच म्हणतात. मान्य, ओला होता. तात्यापण त्याच ओल्या रस्त्यावर होते.

माझा मावसभाऊ कोर्टात वकील आहे. त्या रात्री त्याला फोन केला आणि त्यानं मला पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं. २५० वॅटच्या आतली मोटार, ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग, बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन, आणि अशी आहे म्हणून गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता. हे सगळं असेल तोवरच ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहन नाही. यातलं एक जरी मोडलं तरी ती त्या क्षणाला मोटार वाहन झाली. मग १९८८ चा मोटार वाहन कायदा सगळाच्या सगळा लागू. तो म्हणाला, "ताई, तू लिमिट काढलं नाहीस, तू विनापासिंग, विनाविमा मोटारसायकल तयार केलीस आणि ती लायसन नसलेल्या पोराला दिलीस."

मग कलमं. विनानोंदणी गाडी चालवली, पहिल्या वेळी ५ हजारांपर्यंत दंड. लायसन नाही, ५ हजार. विमा नाही, २ हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. मालकानं गाडीत नियमाबाहेरचा बदल केला, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार. इथपर्यंत मी ऐकत होते. मग म्हणाला १९९ अ. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरायचा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

मी विचारलं, पालक म्हणजे हे की मी? तो म्हणाला, "गाडीची पावती कुणाच्या नावावर आहे?"

माझ्या.

आणि विमा. नेहमीच्या गाडीनं कुणाला धडक दिली की निदान थर्ड पार्टी विमा असतो, जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं जातो, कंपनी पैसे देते. उशिरा का होईना, देते. इथं काय? विमाच नाही. म्हणजे ज्याला लागलं त्यानं तुमच्या दारात येऊन बसायचं. आणि पोरगा पळून गेला असता तर? नंबर प्लेट नाही. तात्यांनी काय सांगायचं पोलिसांना, एक निळी गाडी होती?

आमचा पोरगा पळाला नाही. तेवढ्या एका गोष्टीवर मी रात्री झोपते.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. दवाखान्यात विचारलं, कसं लागलं. अपघात म्हटला की पोलिसांना कळवावं लागतं. तात्या म्हणाले, "पाय घसरला." माझ्यासमोर म्हणाले. मी तिथं उभी होते आणि मी तोंड उघडलं नाही. मनगटात प्लेट बसली, खर्च आम्ही केला, दोन बांगड्या माझ्याच पतसंस्थेत तारण ठेवून. लोक म्हणाले, केवढं केलंत तुम्ही त्यांच्यासाठी! काय केलं? त्यांनी माझ्या पोराचं लायसन वाचवलं आणि मला कोर्टाच्या पायरीपासून वाचवलं, त्यापुढं दोन बांगड्या काय.

आता पुन्हा राग येतोय. त्या गॅरेजवाल्या पोराचा कमी येतोय. तो पाचशे रुपयांचा धनी. मला राग येतो शोरूममध्ये टाय लावून बसलेल्यांचा. गाडी दाखवताना डोळा मारून सांगतात, "कागदावर २५ आहे मॅडम, नंतर बघू आपण." कायद्यात विक्रेत्यालाही बसतं, नियम मोडून मोटार वाहन विकलं किंवा बदललं तर एका गाडीमागं १ लाखापर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद. २०२२ साली आपल्या परिवहन खात्यानं अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. आठवतंय का कुणाला? आणि आज भर रस्त्यावर बोर्ड लागतो, रेटसकट. वर लिंबू-मिरची.

'२५ नं हायवेच्या सर्व्हिस रोडला चाललं की मागून ट्रकवाले हॉर्न मारून जीव घेतात' असं म्हणणारे येतील आता. खरं आहे, मारतात. ज्यांना रोज लिंब किंवा कोरेगावाहून यायचंय, किंवा जी पोरं पार्सलं पोचवून पोट भरतात, त्यांना २५ पुरत नाही, हेही खरं. मग पासिंगची घ्या ना! हिरव्या नंबर प्लेटची, विम्याची. महाग आहे, माहितीये मला, मी कर्जाच्या फायली करते रोज. पण वायर कापून ती स्वस्त होत नाही. तिची किंमत रस्त्यातला कुणीतरी भरतो, एवढंच.

आणि गाडी तरी कुठं सोसते ते? आमची आधी दोन-तीन दिवसांतून एकदा चार्जिंगला लागायची, नंतर रोज. सीटखालून करपल्यासारखा वास यायचा. वॉरंटीवाल्यानं कापलेली वायर बघितली आणि सीट खाली टाकून निघून गेला, एक शब्द नाही. ब्रेक तेच, टायर तेच. २५ साठी बनवलेल्या ब्रेकला तुम्ही ४५ ला म्हणता, थांब.

अपघातानंतर आठवड्यानं पोराची फिजिक्सची वही बघत होते. मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं: २५ × २५ = ६२५. ४५ × ४५ = २०२५. आणि खाली दोन रेघा. मी विचारलं हे काय. म्हणाला, ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशोबात वाढतं. म्हणजे तिप्पटीच्या वर. तो म्हणाला, "आई, २५ ला असतो तर तात्यांच्या अलीकडंच थांबलो असतो." मी म्हटलं, रस्ता ओला होता रे. तो काही बोलला नाही. वही माझ्या हातातून घेऊन बंद केली.

त्या वहीवर मी आजपर्यंत एकही अक्षर कुणाला बोलले नव्हते.

वायर मी परत जोडून घेतली. तिथंच गेले, त्याच पोराकडं. तो हसला. म्हणाला, "काढायला सगळी येत्यात, बसवायला तुमीच पयल्या." पैसे घेतले नाहीत.

आज त्या बाईला मी हे सगळं सांगायला हवं होतं. 'नका करू' एवढंच म्हणून चालतं का? मला तरी कुणी नुसतं म्हटलं असतं तर मी थांबले असते? नसते. म्हटलं असतं, तुम्हाला काय करायचंय, चढ आम्ही चढतोय. ताई, तुमचं नाव माहीत नाही मला. निळ्या रिबिनी होत्या मुलीच्या. गोडोलीतलं कुणी वाचत असेल आणि ओळखत असेल तर तिला ही पोस्ट दाखवा, एवढंच.

तात्या अजून आमच्याकडं दूध घालतात. मनगट पूर्ण वळत नाही, म्हणून माप डाव्या हातानं ओततात. थोडं कट्ट्यावर सांडतं. मग 'सांडलं की वो' म्हणून मापावर अजून थोडं घालतात, सांडलं त्यापेक्षा जास्तच. मी रोज म्हणते, तात्या, राहू द्या. ते ओततात. मी पातेलं धरून उभी.