'एक वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'एक वाचक' यांस, सलाम.

ऐहिक ज्ञान आणि वरून मिळणारं ज्ञान यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "हा अडाणीपणाचा उदोउदो आहे. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या, आणि तुम्ही ख्रिस्ती मंडळीला पुस्तकं मिटायला सांगता. असल्या लेखकांमुळेच आपला समाज मागे राहिला." पुढे चर्चच्या पाळकांच्या पदव्या आणि माझ्या मुलांची कॉलेजंही काढलीत.

शीर्षक जरा भडक होतं, मान्य. पण 'असल्या लेखकांमुळे'? ही काय भाषा झाली? रविवारी उपासनेत शेजारी बसलो असतो तर तोंडावर असं बोलला असतात का?

माझी आजी बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल वाचून सांगणारी. खेडोपाडी पायी फिरायची. घरात अभ्यासाची सक्ती पहिल्यांदा तिनेच केली. मी स्वतः निवृत्त होईपर्यंत रसायनशास्त्र शिकवलं. अशा घरातला माणूस अडाणीपणाचा प्रचारक वाटत असेल, तर खुशाल वाटो.

राहिल्या रमाबाई. त्यांचं नाव माझ्या अंगावर फेकण्याआधी त्यांची साक्ष, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेबद्दल त्यांनी लिहिलेली हकिगत, वाचायची होती. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हणून गौरवलं. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. तोवर धर्मग्रंथांचा अभ्यास किती झाला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही त्या काळाबद्दल त्यांनीच पुढे लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. नुसत्या अभ्यासाने ख्रिस्त सापडत नाही, माझ्या अख्ख्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं! पुढे हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तेही साध्यासुध्या बायांना कळावं म्हणून सोप्या भाषेत. विद्वत्ता मिरवायची असती तर संस्कृतप्रचुर मराठी त्यांना काय अवघड होती?

'या जगाचं ज्ञान देवापुढे मूर्खपण' हे बायबलमधलं वचन (1 करिंथ 3:19) मी लेखात दिलं, म्हणून तुम्ही चिडलात. ते लिहिणारा प्रेषित पौल गमलिएल या यहुदी धर्मशास्त्राच्या गुरूच्या पायाशी शिकलेला, अथेन्समध्ये ग्रीक कवीचं वचन सांगणारा. त्याचा रोख पुस्तकांवर नव्हताच. करिंथ शहरातल्या मंडळीत 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' (हा तिथला दुसरा शिक्षक) असे तट पडले होते, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी आपापल्या गुरूचा तोरा. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही तिसऱ्या अध्यायात तो तेच म्हणतो: जिथे हेवा आणि तट, ते ज्ञान वरून आलेलं नाही. वरून आलेलं असेल ते शांतिप्रिय, सौम्य असतं. आता तुमची प्रतिक्रिया पुन्हा वाचा. (माझं उत्तरही सौम्य नाही म्हणाल. असेल. सुरुवात मी केली नाही.)

पाळकांना सेमिनरीचं, म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्यालयातलं, शिक्षण हवंच, त्यावर वाद नाही. मुलांच्या कॉलेजचा लेखाशी संबंध नाही, त्यामुळे उत्तरही नाही. यापुढे लिहायचं तर नावानिशी लिहा. निनावी प्रतिक्रिया मी आजपासून बंद करतो आहे.