कोन्नूरच्या दगडी थडग्यांबद्दल खानापूरच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार. गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरच्या शिळांच्या थडग्यांना मी प्रागैतिहासिक म्हणालो, म्हणजे ती बांधणाऱ्यांना इतिहासच नाही असं ठरवून टाकलं, असं तुम्ही लिहिलंय. आणि ती माणसं मराठी की कन्नड, हे सांगायचं मी मुद्दाम टाळलं, असाही तुमचा आरोप आहे. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच दडलेलं आहे.

त्या माणसांनी लिहिलेलं काही आपल्या हाती नाही, एवढंच प्रागैतिहासिक म्हणताना मला सांगायचं असतं. त्यांच्या योग्यतेविषयी त्यात एक अक्षर नाही. अवजड शिळा खाणीतून काढायच्या, उभ्या करायच्या, वर तेवढीच मोठी शिळा चढवायची, हे सगळ्या वस्तीनं मिळून केलेलं काम आहे.

शिवाय प्रागितिहास आणि इतिहास यांमधली ही हद्द सगळीकडे एकाच सालात पडत नाही. इजिप्तमध्ये लिखाण सुमारे ५००० वर्षांपूर्वी सुरू झालं. आपल्या कर्नाटकात वाचता येणारे जुने लेख म्हणजे मस्की, ब्रह्मगिरी इथले अशोकाचे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. ब्रह्मगिरीला १९४७ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं, तेव्हा अशीच महापाषाणी, म्हणजे मोठमोठ्या शिळांची, थडगी निघाली. दक्षिणेत ही चाल इसवी सनाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. म्हणजे खडकावर सम्राटाची आज्ञा कोरून झाली, तरी लोक शिळा उभारून आपल्या मेलेल्यांची सोय करतच होते. म्हणूनच प्रागितिहास कुठल्या एका दिवशी संपला असं मी लिहीत नाही. आपल्या भागात बेळगावजवळच्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळातली वसाहत सापडली. पुढं पाचव्या शतकात तुमच्याच खानापूर तालुक्यातल्या हलशीचे, कदंब राजांचे ताम्रपट येतात. त्यांत दान देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं, गावाचंही असतं.

थडग्यात नेमकं हेच मिळत नाही. लोखंडी हत्यारं, काळी-तांबडी भांडी, हाडं यांवरून ती माणसं काय वापरत, मेलेल्यांसोबत काय ठेवत, हे कळतं. पण घरात कुठली भाषा बोलत होती हे मडकं सांगत नाही. कन्नडचा जुन्यात जुना मोठा लेख हल्मिडीचा, सुमारे इ. स. ४५० चा. मराठीचे शिलालेख त्याहून कितीतरी नंतरचे. कोन्नूरचे लोक याही आधीचे. त्यांना आपल्या बाजूला ओढायचं म्हणजे १९५६ च्या सीमावादात अशा माणसांना साक्षीला उभं करणं, ज्यांची जबानी कुणीच ऐकलेली नाही. सीमेचा प्रश्न मलाही जिव्हाळ्याचा आहे. पण त्यासाठी अलीकडचे भक्कम कागद आहेत, ही थडगी नकोत.

‘आमच्याकडे त्यांना पांडवांची घरं म्हणतात’, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते मला फार मोलाचं वाटतं. गावातल्या थोरांकडून तुम्ही काय काय ऐकलंय, ते सविस्तर लिहून पाठवा. मी जसंच्या तसं छापेन, पण गावकऱ्यांची आठवण म्हणून. थडगी बांधणाऱ्यांची हकीकत म्हणून नाही.