आमचा मारिओ नाकात बोलायचा

परवा ऑफिसात शेजारच्या पोराच्या मोबाइलवर मेसेज आला आणि मारिओचं नाणं वाजलं, म्हणजे मारिओ या जुन्या व्हिडिओ गेममध्ये नाणं मिळाल्यावर येतो तो आवाज. सगळ्यांच्या माना वर झाल्या, दोघं-तिघं हसले, आणि मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो, "हा आवाज बरोबर नाहीये."

पोरगं म्हणालं, "सर, ओरिजिनल आहे."

"ओरिजिनल असेल रे. बरोबर नाही."

तेवढ्यात चहा आला म्हणून वाद तिथंच मिटला. पण डोक्यातून जाईना, म्हणून हा लांबलचक पोस्टप्रपंच. नव्वदच्या दशकात टीव्हीला वायर खोचून ज्यांनी 'व्हिडिओ गेम' खेळलाय त्यांनी वाचा. बाकीचे पुढं सरकले तरी राग नाही.

१९९६ ची उन्हाळ्याची सुट्टी, आजोळ, बार्शी. मामानं सोलापुरातून एक डबा आणला होता. दोन रिमोट (जॉयस्टिक वगैरे शब्द नंतर आले), एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं आणि आत मोजून बारा-पंधरा गेम, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. मारिओ बनवणारी निंटेंडो नावाची कंपनी जगात आहे हे मला थेट कॉलेजात कळलं. आमच्यासाठी तो 'मामाचा गेम' होता.

दुपारी आजोबा झोपलेले असायचे, त्यामुळं आवाज अगदी बारीक. पण बंद करायचा नाही, यावर आम्ही दोघं भाऊ आणि मामाची दोन पोरं ठाम होतो. आवाजाशिवाय मारिओ खेळून बघा एकदा. उडी चुकते. हाताला कळतच नाही बटण दाबलं गेलं की नाही ते.

आणि आजी. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पडद्याकडं ती बघायची नाही. उंबऱ्याशी पाय पसरून वाती वळत बसायची आणि कानानं गेम बघायची. मारिओला ती मारुतीच म्हणायची. उड्या मारतोय म्हटल्यावर दुसरं कोण असणार? मेल्याची धून वाजली की वात वळता वळता विचारायची, "गेला का मुडदा?" नाणी लागोपाठ वाजली की, "आज कमाई बरी दिसतीय." एकाच ठिकाणी ती कायम अडायची. एक घसरता 'डुडुडुप डुडुडुप' आवाज आला की हात थांबायचे. "नळीत शिरला, का मार खाल्ला रे?"

आम्ही हसायचो. आजीला एवढंही कळत नाही!

पंचविसेक वर्षांनी या गेमच्या प्रोग्रॅमची लोकांनी केलेली चिरफाड वाचत बसलो होतो, तेव्हा कळलं की आजी बरोबर होती. मारिओ नळीत उतरतानाचा आवाज आणि मार खाऊन लहान होतानाचा आवाज हा एकच आहे. तसूभरही फरक नाही. पाण्यात पोहण्याचा आणि शत्रूला पायाखाली चिरडण्याचा आवाजही असाच दोघांत मिळून एक. १९८५ सालचा हा अख्खा गेम, चित्रं-संगीत-नकाशे सगळं धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. आज लग्नपत्रिकेचा फोटो पाठवला तरी त्याहून जास्त जागा लागते. तिथं एका आवाजाला दोन कामं लावली तर नवल काय? आपल्या आया नाही का, जुन्या साडीची गोधडी करायच्या.

या आवाजांची गंमत समजायची तर डब्यातली बेंजो पार्टी समजून घ्यायला हवी. जुलै १९८३ मध्ये जपानात निंटेंडोनं फॅमिकॉम काढला, म्हणजे टीव्हीला जोडायचा अस्सल डबा. त्यातल्या रिको कंपनीच्या चिपमध्येच आवाजाची सोय होती आणि वादक फक्त पाच. दोन पिपाणीवाले, म्हणजे चौकोनी लहरीचे चॅनल. एक खर्जवाला, त्रिकोणी लहरीचा; याला आवाज लहान-मोठा करताच येत नाही, एक तर वाजणार नाही तर गप्प. चौथा नुसता खरखर करणारा, त्याच्याकडं ढोल, ताशा, स्फोट, फुटणाऱ्या विटा. पाचवा रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा, पण मारिओत त्याला सुट्टीच आहे.

म्हणजे कामाचे वादक चार. संगीतही त्यांनीच वाजवायचं आणि उडी, नाणं, गोळी हेही त्यांनीच. मग उडी मारल्यावर काय होतं? पहिला पिपाणीवाला चाललेली चाल सोडतो, उडी वाजवतो आणि परत येऊन चालीत सामील होतो. नाणं दुसऱ्या पिपाणीवाल्याकडं. आता खालून डोकं मारून ठोकळ्यातलं नाणं काढा. पहिला उडी आणि धडकेत अडकला, दुसरा नाण्यात. क्षणभर चाल गायबच, खाली नुसता खर्ज आणि ताल चालू. हे हजार वेळा ऐकलंय आपण, पण जाणवलं कधी? मला नव्हतं. सांगितल्यावर मात्र दुसरं काही ऐकूच येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मारिओचं संगीत करणाऱ्या कोजी कोंडो या माणसाचं कौतुक मला मुख्य चालीपेक्षा इथं जास्त वाटतं. चाल सगळे गुणगुणतात. पण चाल मध्येच तोडून घुसणारा आवाज असा बसवायचा की ऐकणाऱ्याला तुटलेलं वाटूच नये, ही खरी कारागिरी. उडीचा आवाज नुसता वर सरकत जातो, आणि मोठ्या मारिओची उडी लहानाच्या उडीपेक्षा खालच्या पट्टीत. अंगानं भरला की आवाज जाड झाला! एवढ्याशा जागेत हे सुचणं म्हणजे कमाल आहे.

नाण्याचे सूर दोनच. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्या पेटीवर मी ते शोधले होते. पांढरी सात, आणि तिच्यावरची पांढरी तीन. पेटीवर तितक्या वरच्या सप्तकात जाताच येत नाही, म्हणून खाली वाजवायचे. पहिला सूर नुसता स्पर्श, दुसरा रेंगाळत विरणारा. पहिल्याला सा धरलात तर दुसरा शुद्ध मध्यम. वडील म्हणाले, "सा-म आहे. पुढं?" मी म्हटलं, पुढं काही नाही, एवढंच. ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मग अभ्यासाला बसा."

तरी नाणं माझं लाडकं नाही. ते सगळ्यांचंच लाडकं आहे, मेसेज-टोन होण्याइतकं. माझा पहिला नंबर टँकला.

टँक म्हणजे 'बॅटल सिटी', नामको कंपनीचा, हाही १९८५ चाच. स्टेज सुरू होताना एक छोटी धून वाजते आणि त्यानंतर संगीत पूर्ण बंद. अजिबात नाही. ऐकू येतात ती फक्त इंजिनं. टँक उभा असला की खालच्या आवाजात गुरगुर, चालू लागला की तीच गुरगुर वर चढते. रात्री स्टँडवर ड्रायव्हर एसटी चालूच ठेवून चहाला जातो ना, तसा तो उभ्या टँकचा आवाज. त्या गुरगुरीत अख्खी स्टेज काढायची, शत्रूचे वीस टँक. मधे मधे विटेवर गोळी बसल्याचं बोथट 'टक्' आणि लोखंडावर बसल्याचं 'टिंग'. ते 'टिंग' मला आजही कुठंही ऐकू येतं. परवा भांडी घासताना वाटी नळावर आपटली आणि मी मागं वळून बघितलं.

संगीत नसल्यानं काय व्हायचं, की कान राखणीला बसायचे. मी वरच्या अंगाला शत्रू टिपतोय, धाकटा भाऊ खाली, जिला राखायचं त्या आमच्या कोंबडीजवळ. (ती कोंबडी नसून गरुड आहे असं नंतर कळलं. आमच्यासाठी ती कोंबडीच.) मी पडद्याच्या वरच्या टोकाला असलो तरी खालून 'टक् टक् टक्' ऐकू आलं की समजायचं, हा गाढव आपल्याच कोंबडीच्या भिंतीवर गोळ्या झाडतोय. मग खरी मारामारी टीव्हीच्या बाहेर.

काँट्रा या गोळीबाराच्या गेममधल्या गोळ्यांबद्दल लोक भरभरून लिहितात, मी नाही लिहिणार. एस अक्षरवाली बंदूक मिळाली की पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटायच्या हे खरं, पण आवाज म्हणून त्यात मला राम वाटला नाही. बदकांच्या गेममधलं, नेम चुकला की हसणारं कुत्रं तर मला अजूनही बघवत नाही. हां, गोळी लागल्यावर बदक खाली येताना जो सूर घसरत घसरत उतरतो आणि जमिनीवर 'धप्' होतो, तो मात्र मान्य. सेगावाल्या (म्हणजे निंटेंडोच्या स्पर्धक कंपनीचे गेम खेळणाऱ्या) मुलांनी कृपया त्यांच्या सॉनिक गेममधल्या कड्या वाजवत येऊ नये. त्या आळीपाळीनं डाव्या-उजव्या स्पीकरमधून वाजतात हे मला माहीत आहे. आमच्या टीव्हीला स्पीकरच एक होता.

आता मूळ भांडणाकडं. पोराच्या मोबाइलमधलं नाणं मला चुकीचं का वाटलं?

आपल्याकडं आलेले असे बहुतेक डबे फॅमिकॉमच्या नकला होत्या. अशा बऱ्याच नकलांमध्ये तैवानमध्ये बनलेल्या चिप असायच्या. चौकोनी लहरीला जाडी असते: लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली, याचं प्रमाण. निम्मा वेळ वर असेल तर आवाज गोल, पोकळ, बासरीकडं झुकणारा. पाव वेळच वर असेल तर बारीक, नाकातला, सनईच्या जवळचा. नकली चिप बनवताना या दोन जाड्यांची अदलाबदल झाली. जिथं निम्मा हवा तिथं पाव, जिथं पाव हवा तिथं निम्मा. मारिओची उडी आणि नाणं, दोन्ही मुळात निम्म्याचे आवाज. म्हणजे जपानी मुलांचं नाणं गोल वाजलं आणि आमचं नाकात.

एवढ्यावर भागत नाही. जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. गेमचं घड्याळ पडद्याच्या या ठोक्यावर चालतं. या नकली यंत्रांच्या कर्त्यांनी चिपचा मूळ वेग जवळपास तोच ठेवला, त्यामुळं पट्टी एक टक्क्यानंसुद्धा हलली नाही. पण ठोके कमी पडले, म्हणून चाल एक षष्ठांशानं संथ झाली. उडी सावकाश, पडणं सावकाश, नाण्याचा दुसरा सूर आमच्याकडं जरा जास्त रेंगाळायचा. म्हणजे जपानात जो गेम पन्नास मिनिटांत संपला असता, तो बार्शीत तासभर चालायचा. बार्शीला शोभेल असंच झालं ते.

हे वाचल्यावर मला आधी फसवल्यासारखं वाटलं. ज्या आवाजावर जीव टाकला तो नकलेतली चूक निघाला. मग वाटलं, चूक कोणाची, कोणासाठी? कोंडोसाहेबांनी बनवला तो त्यांचा आवाज, मान आहेच. पण आजीनं तीस-चाळीस दुपारी ज्याच्यावर वाती वळल्या, तो हा नाकातला. मॉस्कोपासून बार्शीपर्यंत किती मुलांनी हाच ऐकला असेल! जुन्या गेमवर बोलणारे लोक अस्सल यंत्र, अस्सल आवाज करत बसतात, अस्सल कॅसेटींना हजारो रुपये मोजतात. मोजोत बापडे. पण जतन करायचंच असेल तर आमची ही नाकातली, संथ, खरखरणारी आवृत्तीसुद्धा जतन करा की. ती चूक आता दोन पिढ्यांचं बालपण आहे, आणि तिची बरीच यंत्रं भंगारात गेलीत. मामाचा डबाही तसाच गेला, पितळी भांड्यांबरोबर.

कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांपैकी काहींना हे उमगलंय, त्यांचे आभार. काही प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये दोन जाड्या अदलाबदल करायची एक छोटी चौकट असते, जुन्या नकली यंत्रांची आठवण म्हणून. रविवारी रात्री मी ती शोधून टिक केली, वेग पन्नासावर आणला, हेडफोन लावला आणि पहिल्याच ठोकळ्याला डोकं मारलं.

मग दोन क्लिप बनवल्या. एक अस्सल, एक आमची. दोन्हींत तेच: उडी, नाणं, नळी. भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवल्या, काहीही न सांगता. तो आता पुण्यात, दोन पोरांचा बाप, रात्री साडेअकराला जागा असेल असं वाटलं नव्हतं. दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, मग थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"दुसरा आपला. पहिला कोणाच्या घरचा आहे?"

आणि मिनिटभरानं अजून एक:

"शेवटी नळीत शिरला का मार खाल्ला?"